श्रीचक्र कशाचं घडतं? मांगाडू ते तिरुवानैक्कावल, सहा दिवस

पहिला दिवस : मांगाडू

चेन्नईहून कांचीपुरमला जाणारे बहुतेक जण मांगाडू वाटेत सोडून देतात. ते सोडू नये. पूनमल्लीच्या अलीकडे, शहराच्या वाहतुकीतच हे कामाक्षीचं देऊळ आहे. ज्याला श्रीचक्राची, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या त्रिकोणांच्या देवीच्या यंत्राची, पूजा समजून घ्यायची आहे, त्यानं सुरुवात इथूनच करावी.

मार्गळी महिना चालू होता, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा. परतीचा पाऊस नुकताच संपलेला, हवा दमट पण सुसह्य. देवळाबाहेर फुलांपेक्षा लिंबंच जास्त. इथला नवस असा, की वाराचा एक दिवस धरून सलग सहा आठवडे यायचं आणि दर वेळी देवीला लिंबू वाहायचं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका मामींचा चौथा आठवडा होता. "एक वार चुकला की पुन्हा पहिल्यापासून," त्यांनी बजावलं.

मांगाडूची कामाक्षी तपस्विनी आहे. पंचाग्नीच्या मध्यभागी एका पायावर उभी. परंपरा सांगते, की देवी इथून कांचीला गेली तरी तिच्या तपाची धग मागे राहिली आणि ती शमवायला आदि शंकराचार्यांनी इथं अर्धमेरू स्थापला. अर्धमेरू म्हणजे सपाट यंत्राहून उठावदार, पण पूर्ण मेरूहून, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी शिखरासारख्या उंचावलेल्या श्रीचक्राहून, बुटका. हा अर्धमेरू दगडाचा नाही आणि धातूचाही नाही. तो आठ सुगंधी वनौषधींचा, अष्टगंधाचा आहे. म्हणून त्याला अभिषेक नाही. पाणी, दूध, पंचामृत यांतलं काहीही त्याला लागू देत नाहीत. पूजा होते ती कुंकवाची.

हा एक मुद्दा पुढचे पाचही दिवस सोबत राहिला. श्रीचक्राची आकृती सगळीकडे एकच, पण ते कशाचं घडवलंय त्यावर पूजेची रीत ठरते.

दुसरा दिवस : कांचीपुरम

मार्गळीत देवळं नेहमीपेक्षा लवकर उघडतात, आणि पहाटे निघालं की रस्तेच पाहण्यासारखे असतात. प्रत्येक दारापुढे सडा आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं कोलम. आधी ठिपके मांडायचे आणि मग एका सलग रेषेनं त्यांना वळसे घालत परत सुरुवातीला यायचं. मध्ये शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. ठिपका चुकला की अख्खं कोलम फसतं, हे इथल्या दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं.

कामाक्षी अम्मनच्या देवळात गाभाऱ्यापुढचा गायत्री मंडप 24 खांबांचा आहे, गायत्रीच्या 24 अक्षरांप्रमाणे. देवी पद्मासनात बसलेली. चार हातांत पाश, अंकुश, उसाचं धनुष्य आणि फुलांचे बाण. तिच्या पुढ्यात, कठडा केलेल्या खोलगट जागेत दगडी श्रीचक्र आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची हमखास निराशा होते, कारण रेषा दिसत नाहीत. दिसतं ते कुंकू. पण अर्चना चालू असताना लक्ष देऊन पाहिलं, तर कुंकवाची चिमूट मूर्तीच्या पायांवर न जाता चक्रावर पडते. इथं सगुण मूर्ती आणि यंत्र दोन्ही समोरासमोर आहेत आणि अर्चनेचा मान यंत्राचा आहे.

या चक्राला नऊ आवरणं. पूजा बाहेरून आत जाते: चार दारांचं भूपुर (बाहेरची चौकट), मग सोळा पाकळ्या, आठ पाकळ्या, त्यानंतर त्रिकोणांची चार कडी (14, 10, 10 आणि 8), मग मधला एकटा त्रिकोण आणि शेवटी बिंदू. प्रत्येक आवरणाला नाव आहे. भूपुर ते 'त्रैलोक्यमोहन', आठ त्रिकोणांचं कडं 'सर्वरोगहर', बिंदू 'सर्वानंदमय'. आवरणागणिक तिथल्या देवतांची, म्हणजे योगिनींची, नावंही आत आत शिरतात. बाहेरच्या 'प्रकट', मग 'गुप्त', 'गुप्ततर', आणि बिंदूपाशी 'परापररहस्य'. नकाशा वाचतात तशी ही नावं क्रमानं वाचली, तर मंत्रदीक्षा नसलेल्या माणसालाही पूजेचा प्रवास कळतो. मंत्र मात्र गुरूकडूनच घ्यायचा, तो पुस्तकातून उचलायचा नाही. कुंकुमार्चना आणि ललितासहस्रनाम सर्वांना खुलं आहे.

कांचीची आणखी एक गोष्ट इथं आल्यावरच पटते. जुन्या गावातल्या शिवमंदिरांत पार्वतीचा स्वतंत्र गाभारा नाही. एकाम्रेश्वरासारख्या प्रचंड देवळातही नाही. गावाची देवी एकच, कामाक्षी.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी साडेबाराच्या सुमाराला देऊळ बंद होतं ते चारला उघडतं. शुक्रवार आणि पौर्णिमा टाळली तर चक्रासमोर दोन मिनिटं उभं राहता येतं. नाश्त्याला कांचीपुरम इडली शोधून खावी. मिरी, जिरं आणि सुंठ घातलेली, टोपलीत पानं लावून उकडलेली. तिचा मान मुळात वरदराज पेरुमाळच्या, म्हणजे इथल्या विष्णूच्या, नैवेद्याचा.

दुपारच्या बंद वेळेत एका वृद्ध उपासकांच्या ओसरीवर श्रीचक्र कसं काढतात ते पाहायला मिळालं. सगळे त्यांना मामा म्हणतात. हिंदी मोडकंतोडकं, पण संस्कृत स्वच्छ. अडलं की श्लोक म्हणायचे आणि बोटानं रेषा दाखवायचे.

रीत 48 भागांची आहे. सोयीसाठी 24 सेंमी व्यासाचं वर्तुळ घ्यावं, म्हणजे एक भाग 5 मिमीचा होतो. मधोमध उभा व्यास आखायचा आणि वरून खाली 6, 6, 5, 3, 3, 4, 3, 6, 6, 6 असे भाग पाडायचे. बेरीज 48. पट्टी वरच्या टोकाला धरली तर खुणा 30, 60, 85, 100, 115, 135, 150, 180 आणि 210 मिमीवर येतात. प्रत्येक खुणेतून एक आडवी रेषा परिघापर्यंत. झाल्या नऊ रेषा.

आता टोकं पुसायची. पहिल्या आणि नवव्या रेषेची दोन्ही बाजूंनी 3-3 भाग, दुसऱ्या-आठव्याची 4-4, चौथ्या-सहाव्याची 16-16, पाचवीची 18-18. तिसरी आणि सातवी अखंड ठेवायची, कारण परिघाला टेकणारे त्रिकोण हे दोनच. मग जोडणी. पहिल्या रेषेची टोकं सहावीच्या मध्याला, दुसरीची नववीच्या, तिसरीची वर्तुळाच्या तळाला, चौथीची आठवीच्या, पाचवीची सातवीच्या मध्याला. हे पाच अधोमुख त्रिकोण, शक्तीचे. सहावी दुसरीच्या मध्याला, सातवी वर्तुळाच्या माथ्याला, आठवी पहिलीच्या, नववी तिसरीच्या मध्याला. हे चार ऊर्ध्वमुख, शिवाचे. नऊ त्रिकोण एकमेकांना छेदतात आणि 43 लहान त्रिकोण तयार होतात.

जिथं दोन रेषा मिळतात ती संधी, जिथं तीन मिळतात ते मर्म. संधी 24 आणि मर्मं 18. सगळी परीक्षा या मर्मांची. मापं कितीही काटेकोर घेतली तरी या रीतीनं काही मर्मं थोडी हुकतातच. मधल्या त्रिकोणाचे वरचे दोन कोपरे पाहा. तिथं पाचवी रेषा, पहिल्या त्रिकोणाची बाजू आणि नवव्याची बाजू एकत्र यायला हव्यात. 24 सेंमीच्या वर्तुळात पाचव्या रेषेवर या दोन बाजूंमध्ये तीनेक मिलिमीटर अंतर राहतं आणि बिंदूऐवजी चिमुकला त्रिकोण उरतो. पाचवी रेषा अर्ध्या भागाहून किंचित जास्त वर सरकवली तर हे मर्म जुळतं, पण रेषेबरोबर तिचा अख्खा त्रिकोण हलतो आणि त्याचे बाकीचे छेद बिघडतात. म्हणून जाणकार आधी फिकट पेन्सिलनं सगळं आखतात, मग दोन-तीन रेषा केसभर हलवत मर्मं जुळवतात आणि शेवटी गडद करतात. जाड रेषा ओढून चूक झाकता येते. बाजारातल्या छापील यंत्रांत तेच केलेलं असतं.

मामांनी अर्ध्या तासात तीनदा खोडरबर वापरलं. "भागांची मापं सुरुवातीला," ते म्हणाले, "शेवटी डोळा." मग हात धुऊन त्यांनी मधल्या त्रिकोणात बिंदू दिला आणि तो कागद आमच्या हाती न देता देवघरात ठेवला. काढलेलं यंत्र टाकून द्यायचं नसतं.

तिसरा दिवस : स्वामीमलै

कुंभकोणमला मुक्काम टाकला की तंजावरपर्यंतची गावं साधारण तासाभराच्या अंतरावर येतात. सकाळी पितळी पेला-वाटीतली डिग्री कॉफी घेतली आणि स्वामीमलै गाठलं. इथले स्थपती, म्हणजे मूर्तिकार, पिढ्यान् पिढ्या मेण गाळून पंचलोहाच्या मूर्ती ओततात. कावेरीची वंडल माती, म्हणजे पुरानं आणून टाकलेला मऊ गाळ, हे या गावाचं भांडवल.

मूर्तीचं माप अजूनही नारळाच्या झावळीच्या पातीनं घेतात. मूर्तीच्या उंचीची पात कापायची आणि ती घड्या घालून तालमानाप्रमाणे, म्हणजे मूर्तीच्या अवयवांच्या ठरलेल्या प्रमाणांत, विभागायची. मेरूचं मात्र तसं चालत नाही. त्याला कागदावरची आकृती लागते, कारण तिथं प्रमाणाबरोबर मर्मंही जपायची असतात.

मधमाशीचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र उकळून कोमट पाण्यात घट्ट करतात. मेरूची एकेक पायरी वेगळी कापून तापल्या सळईनं चिकटवतात. मग मातीचे तीन थर. पहिला सर्वांत मऊ, गाळाच्या मातीत भाताच्या तुसाची राख आणि कापूस कुटून. दुसरा शेतातल्या मातीचा, वाळू मिसळून. तिसरा जाडाभरडा, वर लोखंडी तार गुंडाळून. प्रत्येक थर सावलीत वाळवायचा, कारण उन्हात तडे जातात. शेवटी साचा गोवऱ्यांच्या आगीत तापवला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत रस ओततात. तांबं सर्वांत जास्त, मग पितळ, थोडं शिसं. सोनं-चांदी गिऱ्हाईक देईल तेवढं, पुष्कळदा नावापुरतं.

मेरू ओतताना काय बिघडतं? स्थपतींनी एक फसलेला नग समोर ठेवला. त्रिकोणाच्या टोकांत हवा अडकलेली, तिथं रस पोचलाच नव्हता आणि टोकं बोथट झाली होती. दोन कोपरे कानशीनं घासून काढल्यामुळे शेजारच्या रेषेपासून सुटले होते. तो नग पुन्हा वितळवायला निघाला होता. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून मेणाचा नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो, आणि तो आक्रस पायथ्याशी व शिखराशी सारखा नसतो.

घ्यायचाच असेल तर तळ चार इंचांहून लहान मेरू घेऊ नये, असं आमचं ठाम मत झालं. त्याहून लहानात 43 त्रिकोण कोरीव राहत नाहीत, त्यांच्या गाठी होतात. त्यापेक्षा तांब्याच्या पत्र्यावर नीट कोरलेलं सपाट भूप्रस्तार यंत्र शंभरपट बरं. निवडताना वरून सरळ पाहावं, 14-10-10-8-1 मोजावेत, अधोमुख पाच आहेत ना पाहावं, आणि मधल्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर भिंग धरावं. घरी अभिषेकानंतर फटींत दूध राहू देऊ नये, मऊ सुती कापडाच्या टोकानं टिपावं. चिंचेनं रोज घासलं तर दहा वर्षांत कडा झिजतात. महिन्यातून एकदा पुरे. कुंकू हळदीचं वापरावं, रंगाचं कुंकू खाचांत बसतं आणि निघत नाही.

चौथा दिवस : तिरुमीयच्चूर आणि भास्करराजपुरम

कुंभकोणमच्या पूर्वेला पेरळमकडे निघालं की दोन्ही बाजूंना भात. पोंगलच्या आधीचे दिवस, लोंब्या वाकलेल्या, बांधावर बगळे. तिरुमीयच्चूरला मेघनाथस्वामींच्या देवळात ललितांबिका आहे. गाव सांगतं, की ललितासहस्रनाम इथं प्रकट झालं. ब्रह्मांडपुराणातली कथा अशी: हयग्रीवांनी अगस्त्यांना ही हजार नावं सांगितली आणि ती रचली वशिनी आदी आठ वाग्देवतांनी. या आठ जणी श्रीचक्रात कुठं बसतात? आठ त्रिकोणांच्या कड्यात, 'सर्वरोगहर' आवरणात. म्हणजे नावं रचणाऱ्या देवता आकृतीच्या आतल्याच रहिवासी. आणि सहस्रनाम संपतं कसं? 996वं नाव 'श्रीचक्रराजनिलया', 999वं 'शिवशक्त्यैक्यरूपिणी', हजारावं 'ललितांबिका'. परवा मामांच्या ओसरीवर एकमेकांत गुंतलेले पाच अधोमुख आणि चार ऊर्ध्वमुख त्रिकोण पाहिले होते, त्याचंच हे 999वं नाव. हे इथं गाभाऱ्यापुढे बसून ऐकलं आणि दोन दिवसांचं आखणं एकदम जागेवर बसलं.

या देवीला पैंजण वाहतात. विजयादशमीला गाभाऱ्यापुढे सुमारे 15 फूट लांब जागेत गोड पोंगल, चिंचेचा भात आणि दहीभात पसरतात, गोड भातात तुपाचं तळं करतात आणि पडदा सरला की त्या तुपात देवीचं प्रतिबिंब पडतं. आम्ही गेलो तेव्हा तो दिवस नव्हता. प्रसादाला केळीच्या पानावर गरम वेण् पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगाची खिचडी, मिळालं, मिरीचे दाणे आख्खे आणि तूप हाताला लागेल एवढं.

इथून कावेरीकाठचं भास्करराजपुरम गाठावं. मराठी माणसानं तरी नक्की. भास्करराय मखी (1690–1785) हे महाराष्ट्रातून आलेल्या घराण्यातले, श्रीविद्येचे, म्हणजे श्रीचक्राच्या उपासनेचे, फार मोठे आचार्य, दीक्षानाम भासुरानंदनाथ. ललितासहस्रनामावरची त्यांची 'सौभाग्यभास्कर' ही टीका आजही दक्षिणेतल्या उपासकांच्या हाताशी असते. 'सेतुबंध' आणि 'वरिवस्यारहस्य' हेही त्यांचेच. तंजावरच्या मराठा राजानं त्यांना दिलेलं हे गाव त्यांच्या नावानं ओळखलं जातं. श्रीचक्रावर एवढं सूक्ष्म लिहिणाऱ्या माणसाचं नाव महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे, हा विचार नदीकडे पाहताना बोचत राहतो.

जवळच्या तिरुविडैमरुदूरची एक गोष्ट लोक रंगवून सांगतात. भास्करराय ओट्यावर खांबाला पाय लावून बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका संन्याशाला उठून नमस्कार करत नसत. संन्यासी चिडला, तेव्हा त्यांनी त्याचा दंड, कमंडलू आणि छाटी खाली ठेवायला सांगितली आणि त्यांना नमस्कार केला. तिन्हींचे तुकडे झाले. महाषोढान्यास केलेल्या देहाचा नमस्कार कुणाला पेलवत नाही, असा तिचा अर्थ. न्यास म्हणजे अक्षरं आणि देवता शरीराच्या एकेका जागी बसवणं. चक्र कागदावर न काढता अंगावर मांडण्याची ही रीत. याच गावच्या महालिंगस्वामींच्या देवळात मूकांबिकेचं देवालय आहे, तिथला मेरू पाहून घ्यावा.

जाणाऱ्यांसाठी: भास्करराजपुरमला बस थेट जात नाही. कुत्तालमहून रिक्षा करावी आणि परतीचं आधीच ठरवून ठेवावं. आम्ही ठरवलं नव्हतं आणि तासभर फाट्यावर उभे राहिलो.

पाचवा दिवस : तंजावर

बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी दुसऱ्यांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेख आहे. इतक्या दूर दगडावर आपली अक्षरं लागोपाठ वाचत जाणं विलक्षण असतं. पण या प्रवासात तंजावरचं खरं काम होतं बंगारू कामाक्षीचं. कांचीतली सोन्याची कामाक्षी आक्रमणांच्या काळात गावोगाव लपवत नेली आणि अखेर तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाला आली. पश्चिम मुख्य रस्त्यावरचं हे देऊळ बाहेरून साधं आहे. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामाशास्त्री (1762–1827) हे या देवीच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले. त्रिमूर्तींतले दुसरे, मुथुस्वामी दीक्षितर, यांनी तिरुवारूरच्या कमलांबा देवीवर एकेका आवरणाची एकेक अशा नऊ कृती रचल्या. भूपुराची आनंदभैरवीत, बिंदूची आहिरीत. श्रीचक्र नादाचंही घडतं, त्याचा हा पुरावा. संध्याकाळी देवळात एक आजी आहिरीतली कृती हलक्या आवाजात म्हणत होत्या आणि पुजारी आरतीसाठी त्यांची ओळ संपायची वाट पाहत थांबले.

तिरुवैयारू वाटेत असेल तर अशोका हलवा खावा. मुगाच्या डाळीचा, केशरी, तुपात निथळणारा.

सहावा दिवस : तिरुवानैक्कावल

तिरुचीत श्रीरंगमच्या शेजारी जंबुकेश्वराचं हे देऊळ, पंचभूतांतल्या जलाचं. गाभाऱ्यात लिंगापाशी पाणी झिरपत असतं. लिंगाचं दर्शन नऊ छिद्रांच्या दगडी जाळीतून घ्यायचं. अखिलांडेश्वरीचा गाभारा वेगळा आहे आणि श्रीचक्राचं सर्वांत अनपेक्षित रूप तिथं भेटतं: कानांत. देवी उग्र होती, तेव्हा आदि शंकराचार्यांनी तिची उग्रता श्रीचक्रांकित ताटंकांत, म्हणजे कर्णफुलांत, बांधली आणि समोर गणपती बसवला, अशी परंपरा. आईची नजर समोर गेली की मूलच दिसावं. ताटंकांची दुरुस्ती आणि पुनःप्रतिष्ठा कांचीच्या मठाचे आचार्य करत आले आहेत.

दुपारची पूजा चुकवू नये. साडेअकराला जागा धरावी. पुजारी देवीची साडी नेसून, मुकुट घालून अखिलांडेश्वरीच्या गाभाऱ्यातून निघतात आणि वाजतगाजत जंबुकेश्वराकडे जातात. त्या वेळी ते पुजारी नसतात, स्वतः अम्मन शिवपूजेला निघालेली असते. शिवाची पूजा होते, गोपूजा होते. गर्दीतल्या बायका पुजाऱ्यांना हात जोडून 'अम्मा' म्हणतात, आणि त्यात कुणालाही काही वेगळं वाटत नाही. आठ औषधी, दगड, पंचलोह, हजार नावं, नऊ राग आणि कर्णफुलं एवढं पाहून झाल्यावर इथं माणसाचा देहच देवीचं आसन झालेला दिसतो.

परतताना देवीसमोर पुन्हा थांबलो. ताटंक अंधारात दिसत नाहीत. कापूर उजवीकडून वर नेला की उजवा झळकतो, डावीकडे नेला की डावा. पुजाऱ्यांना विनंती केली तर ते आरती क्षणभर कानाजवळ धरतात. तेवढ्यात पाहून घ्यावं, एक वाजता दारं बंद होतात.